गॅदरिंगचा कोट

पुसद, रविवार, २१ ऑक्टोबर १९६२

ही डायरी शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे विजयमालाबाईंनी जानेवारीत दिली. औषध कंपनीची फुकटची, वर खोकल्याच्या बाटलीचं चित्र. इतके महिने आलमारीत पडून होती. आज काढली, कारण आज कुणाशी तरी बोलले नाही तर डोकं फुटेल.

चीनने हल्ला केला! काल पहाटे, तिकडे हिमालयात. विजयमालाबाईंच्या रेडिओवर ऐकलं. त्या रेडिओ असा लावतात की आमच्या स्वयंपाकघराला वेगळ्या रेडिओची गरज नाही. चिवड्याचे पोहे निवडत होते, हात सुपातच राहिला. बाप्पा बाप्पा! परवापरवापर्यंत भाऊ भाऊ म्हणून गळ्यात गळे घालत होते ना हे?

ते कमी झालं म्हणून की काय, संध्याकाळी साखरेला गेले तर दुकानदार म्हणतो, "बाई, मिळते तवर घेऊन ठेवा. लढाई लागली." अरे, लढाई लागली बर्फात, पुसदच्या साखरेला कायले ताप? भर दुकानात सुनावलं त्याला. मग दुप्पट घेतली.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "चीन आला." हे तहसील कचेरीत हेडक्लार्क, वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "हं." उद्या चीन आमच्या अंगणात येऊन उभा राहिला तरी हे आधी त्याचा अर्ज बघतील.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

श्री आला अमरावतीहून. कॉलेजात मुलं वाळतात म्हणतात, आमचा लांबलाय नुसता. दारातच म्हणाला, "आई, चकल्या झाल्या का?" चीनबिन काही नाही डोक्यात. बरं वाटलं.

दुपारी त्याला आणि सुनीतीला घेऊन दिवाळीचं कापड घ्यायला गेलो. सुनीती यंदा मॅट्रिकला. तिने मुकाट्याने निळं पातळ घेतलं. साहेबांना मात्र कोट पाहिजे! जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग, त्यात हा नाटकात बॅरिस्टर झालाय. आणि कापड कोणतं निवडावं? मोठ्या चौकटींचं, तपकिरी, मधून पिवळी रेघ. सर्कशीत शोभेल असं. मी म्हटलं, "बॅरिस्टर असले कोट घालतात?" तर म्हणतो, "आई, बॅरिस्टर वेंधळा आहे." दुकानातल्या दुकानात त्याने बॅरिस्टरची चाल करून दाखवली. दुकानदार हसून हसून गादीवर लोळला. मीही हसले, पण कापडाचा भाव ऐकून हसू जागीच थांबलं.

शिंप्याकडे टाकला. तो म्हणाला, "दिवाळीचं काम गळ्याशी आलंय. मागाहून देईन." श्री म्हणाला, "सावकाश द्या, जानेवारीत लागतो." झालं.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

उद्या शाळेच्या पटांगणात सभा आहे, संरक्षण निधीची. महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून मला बोलायचं आहे. बोलण्याचं मला काही नाही, उभी राहिले की सुचतं. पण काल यवतमाळच्या सभेत बायांनी म्हणे अंगावरचं सोनं काढून दिलं. ऐकून धस्सच झालं. माझ्या हातात आईच्या पाटल्या आहेत. ती गेली तेव्हा मावशीने तिच्या हातातून काढून माझ्या हातात घातल्या. देशावर माझं प्रेम आहे, कुणी शंका घेऊ नये. पण पाटल्या मी देणार नाही. इथे लिहायला कोणाची चोरी आहे?

तिकडे विजयमालाबाईंची तयारी झालेली दिसते. सकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही काय देणार?" असा प्रश्न विचारतात का कोणी! मी म्हटलं, "बघू."

धनीबाई तूप आणि सीताफळं घेऊन आली. ती तांड्यावरची. दर दिवाळीला आमचं तूप तिच्याकडचंच. म्हटलं, "उद्या बाजाराला येशील तर सभेलाही ये, बायका कमी पडायला नकोत." तिने विचारलं, काय होते तिथं? मी सांगितलं, देशासाठी दागिने देतात. तर कोपरापर्यंतच्या बांगड्या पदराखाली घेऊन म्हणते, "नाही देत बाप्पा म्या. माह्यी चांदी माह्या लेकीची हाय." अशी तोंडावर! मी तर बघतच राहिले. लाज म्हणून काही असते की नाही?

शुक्रवार, २६ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

काय सभा झाली! असं पुसदने कधी ऐकलं नसेल.

आधी सगळ्या पुरुषांची भाषणं झाली. मग विजयमालाबाई व्यासपीठावर चढल्या आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल अशा बेताने, एकेक बांगडी काढून ताटात ठेवली. टाळ्या! मग सगळ्या माना माझ्याकडे. हेडमास्तर म्हणाले, "आता अध्यक्षीणबाई." ताट माझ्यासमोर. त्यात बांगड्या अशा चमकत होत्या की मला घाम फुटला.

मी म्हटलं, पाटल्या निघत नाहीत हो हातातून, लग्नाआधीपासून आहेत. ओढून दाखवल्या. पुढच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. त्याबरोबर माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी माइक धरला आणि म्हटलं, "सोन्याचं काय घेऊन बसलात? सोनं पुन्हा करता येतं. आम्ही वऱ्हाडच्या आया पोटचा गोळा देऊ! माझा एकुलता एक मुलगा तिथे मागे उभा आहे. देशाने हाक मारावी, मी याच हातांनी त्याला ओवाळून पाठवते!"

टाळ्या थांबेचनात. हेडमास्तर उभे राहिले. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. पाटल्यांकडे पुन्हा कोणी बघितलंसुद्धा नाही. श्री मागे लिंबाच्या झाडाखाली मित्रांबरोबर होता. मित्र त्याची पाठ थोपटत होते, आणि तो माझ्याकडे बघत होता. केवढा अभिमान वाटला असेल पोराला!

घरी आल्यावर कळलं, आजच आणीबाणी जाहीर झाली. म्हणजे माझं भाषण अगदी वेळेवर झालं.

रविवार, २८ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

यंदा फटाके नाहीत, असं मंडळाने ठरवलं. पणत्या तेवढ्या लावल्या. अनारसे हसले, सगळे कढईत विरघळले. तुपाचा दोष नाही, माझंच लक्ष नव्हतं. रस्त्याने जो भेटतो तो भाषणाचं काढतो.

श्रीला काय झालंय कळत नाही. काल अभ्यंगाला उठवायला गेले तर अंथरूण रिकामं. हा धावायला गेलेला! नरकचतुर्दशीला, तेल न लावता! आज तर लिंबाच्या फांदीला लोंबकळून अंग वर खेचत होता. चकल्या नको म्हणाला आणि केळी खाल्ली. मागून सुनीतीकडून चौकटीपाशी आपली उंची मोजून घेतली. मी विचारलं, "हे काय नवीन?" म्हणाला, "तब्येत सुधारतोय."

पूजा झाल्यावर हे एकदम म्हणाले, "तू परवा जे बोललीस, ते मनापासून बोललीस?"

म्हटलं, "मग? टाळ्या ऐकल्या नाहीत?"

हे म्हणाले, "ऐकल्या." आणि चिवड्याची बशी तशीच ठेवून उठले. एवढा खमंग चिवडा! माणसाला कौतुक म्हणून नाही.

मंगळवार, ३० ऑक्टोबर. भाऊबीज

सुनीतीने श्रीला ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता रडायला लागली. तबक हलून ज्योतच विझली. सणासुदीला हे काय! मला वाटतं, ओवाळणीत नुसतं पेन मिळालं म्हणून असेल. मी रागावले. श्रीने तिच्या डोक्यावर टपली मारली, एवढंच.

पण आज मला खरा उलगडा झाला. श्री रोज शेजारच्या डॉक्टरांकडे जातोय! काल गेला, आज सकाळी पुन्हा. मागच्या दाराने! आणि विजयमालाबाईंकडे दिवाळीला कोण आलंय, तर अकोल्याची भाची. गोरी आहे, वेणी कमरेपर्यंत. आता कळलं धावणं, केळी आणि लोंबकळणं कशासाठी ते. मी खाटेवर बसूनच राहिले. त्या बाईच्या भाचीशी! मला विहीण म्हणून विजयमालाबाई! सुनीतीला खोदून विचारलं, तर ती म्हणाली, "आई, डॉक्टरकाका त्याचे डोळे तपासतात." डोळेच तर तपासतायत म्हटलं, फिरलेत म्हणून.

सोमवार, ५ नोव्हेंबर

कॉलेज उघडलं, तरी श्री जायचं नाव काढत नाही. ह्यांना म्हटलं, "त्याला दटावा." हे म्हणतात, "राहू दे चार दिवस घरी." आयुष्यात कधी शाळा बुडवू दिली नाही या माणसाने!

म्हणजे ह्यांनाही माहीत आहे. सगळे मिळालेले आहेत. विजयमालाबाई तर इतक्या गोड झाल्यात की अंगावर काटा येतो. आज साखरभात घेऊन आल्या, माझा हात हातात धरला आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमची खरंच कमाल आहे हो. मला नसतं जमलं." डोळ्यांत पाणी! मी मनात म्हटलं, अजून मी होकार दिलेला नाही बाई.

सुनीती मंडळासाठी खाकी स्वेटर विणतेय, जवानांना पाठवायला. सारखं श्रीच्या पाठीला लावून बघते. मी म्हटलं, "त्याच्या मापाचा होऊन काय उपयोग?" तर आत निघून गेली. या पोरीला हल्ली बोललेलं खपत नाही.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

धनीबाई सकाळीच आली. बाजार नाही, काही नाही. तुपाचं गाडगं आणलेलं. म्हटलं, तूप तर दिवाळीला घेतलं ना गं? ओट्यावर टेकून म्हणाली, "हे इकाचं नाही बाई. भाऊले न्याले आनलं. थंडीचा मुलूक हाय म्हनतात."

"कोणत्या भाऊला?"

"तुमच्या. काल सडकेवर भेटला, पयत होता. म्या म्हनलं, काहून पयतं रे भाऊ, कुत्रं लागलं काय मांगं? तं म्हने, मावशी, मिलटरीत चाल्लो. बुधवारी."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "थट्टा केली त्याने तुझी."

धनीबाई माझ्याकडे बघायला लागली. "थट्टा कायची? तुमी तं भर सभेत बोल्ल्या ना. म्या सोताच्या कानानं आयकलं. आमच्या तांड्यात नसाब, म्हंजे पंचायत, बसते नायकापुढं. तिथं चार मानसांत बोल्लं का झालं, मांगं घेता येत नाही. म्या घरी जाऊन सांगतलं सगळ्यायले, बाई लय मोठ्या मनाची हाय."

माझ्या हातातून गाडगं सुटलं. तूप अंगणभर.

हे कचेरीत होते. श्री लिंबाखाली होता, मी तिथेच त्याला धरलं. तो काही लपवत नव्हता. म्हणाला, जाताना सांगणार होतो. नागपूरला नाव गेलंय, डॉक्टरकाकांनी तब्येत बघून दिली, बाबांची सही झाली. म्हणून डॉक्टर! म्हणून केळी! आणि मी त्या बिचाऱ्या पोरीची वेणी मोजत बसले होते.

मी म्हटलं, "बाळा, सभेत तसं बोलायचं असतं रे. सगळेच बोलतात. तसं कोणी खरं करतं का?"

तो खाली बघून चपलेने माती उकरत होता. म्हणाला, "सगळं गाव होतं तिथे, आई."

हे घरी आल्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. शेवटी ओरडले, "मला का नाही विचारलंत?" हे म्हणाले, "विचारलं होतं. लक्ष्मीपूजनाला."

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

सकाळी मोरीत बसले, हातांना साबण लावला, आणि पाटल्या सुळकन निघाल्या. एक ओरखडासुद्धा नाही. हात इतके परके दिसायला लागले की मी ते पदरात गुंडाळले.

तशीच कचेरीत गेले. इतक्या वर्षांत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. सगळ्या कारकुनांसमोर ह्यांच्या टेबलावर पाटल्या ठेवल्या आणि म्हटलं, "हे घ्या निधीत. आणि माझ्या मुलाचं नाव काढा."

हे उठले. चारचौघांत मला कधी नावाने हाक मारली नाही, पण आज मारली. "रत्ना," म्हणाले, "ही अदलाबदल नसते गं."

मला वाटलं होतं, असते. देवाच्या दारात असते, बाजारात असते, मग सरकारच्या दारात का नसावी? ह्यांनी पाटल्यांची पावती केली. पाटल्या परत घेता येत नाहीत म्हणे, जमा झाल्या. मला परत नकोच होत्या.

येताना रस्ताभर मला धनीबाईचा राग येत होता. तिने तोंडावर नाही म्हटलं आणि मोकळी झाली. तिची चांदी, तिची लेक, सगळं तिच्या घरात आहे. मला नाही म्हणायचा एक शब्द उच्चारता आला नाही. त्याऐवजी मी भाषण केलं.

बुधवार, १४ नोव्हेंबर

गेला.

एस.टी. स्टँडवर निम्मं गाव आलं होतं. हार, गुलाल, शाळेची मुलं. सुनीतीने स्वेटर दिला, तो त्याला बरोब्बर बसला. बसणारच. मी ओवाळलं, याच हातांनी, आता रिकाम्या. हेडमास्तर म्हणाले, "अध्यक्षीणबाई, दोन शब्द." विजयमालाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे होऊन म्हणाल्या, "वहिनींचा घसा बसलाय, त्यांना त्रास देऊ नका." आणि मला आडोशाला धरून उभ्या राहिल्या. या बाईला मी काय काय म्हटलं होतं!

पण एक गोष्ट घडली, ती नीट लिहून ठेवते.

बसमध्ये चढता चढता श्री परत खाली उतरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, एक सांगायचं राहिलं. मी नाव अमरावतीलाच दिलं होतं. घरी यायच्या आधी. तुझ्या भाषणाच्या आधीच."

"खरं सांगतोस?"

"खरं."

"माझ्या गळ्याची शपथ?"

तो हसला. "बस सुटतेय," म्हणाला, आणि बॅरिस्टरसारखा तिरपा चालत, कोपर उडवत पायरी चढला. सगळे हसले. मीही हसले. आठवडाभराने हसले असेन.

देवा, तुझे उपकार! म्हणजे माझ्या बोलण्याचा काही संबंध नव्हता. त्याचं आधीच ठरलं होतं. मी बोलले नसते तरी तो गेलाच असता. आल्या आल्या ह्यांना सांगितलं. हे चष्मा पुसत म्हणाले, "असं म्हणाला का? चांगलं झालं." मग पुष्कळ वेळ चष्माच पुसत बसले. मी मात्र आज पोटभर जेवले. मुलाची काळजी आहेच, ती कुठे जाते? पण छातीवरचा धोंडा उतरला.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

चीनने लढाई थांबवली! आपण होऊन! काल सकाळी रेडिओवर ऐकलं, मी पोळी तव्यावर टाकून तशीच कुंपणापाशी धावले. विजयमालाबाई आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडलो. ह्यांना म्हटलं, "आता श्रीला परत पाठवतील ना?" हे म्हणाले, "लढाई थांबली. नोकरी थांबत नाही." तरी मी आज त्याच्यासाठी डिंकाचे लाडू करायला घेतले, धनीबाईकडून नवीन तूप मागवून. तिने या वेळीही पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी शिंपी आला. हातात कागदात गुंडाळलेलं काही.

म्हणाला, "वहिनी, भाऊचा कोट."

मला आधी कळलंच नाही, कसला कोट. मग त्याने उलगडला. तपकिरी चौकटी, मधून पिवळी रेघ.

मी म्हटलं, "हा केव्हा टाकला होता?"

"दिवाळीआधी नाही का? तुम्हीच तर होता सोबत. जानेवारीत गॅदरिंग आहे म्हणाला." शिंपी कोटाची शिवण उलटून दाखवायला लागला. "हे पाहा, आतून दोन बोटं कापड जास्त ठेवलंय. पोरगं अजून अंगानं भरायचं आहे. पुढल्या साली लागलं तर सोडून देईन."

अमरावतीलाच नाव दिलेल्या मुलाने जानेवारीच्या गॅदरिंगचा कोट का शिवायला टाकला?

हे विचारायला मी ह्यांच्याकडे वळले. हे दारातच उभे होते, केव्हाचे कोण जाणे. माझा प्रश्न ऐकायच्या आधीच मान खाली घालून पुढे आले, माझ्या हातातून कोट घेतला आणि श्रीच्या खुंटीला टांगला. खांदे नीट बसवले.

मंडळाची बाई येऊन गेली. लढाई थांबली म्हणून रविवारी सभा आहे, मी बोलावं म्हणून. मी नाही म्हटलं.